शेवटचा बेदाणा

बिल्कीस, सतरा वर्षांची असताना मी एका लढाईवर शिऱ्याची शर्त लावली होती. इतकं मूर्ख माणूस आपल्या मोहल्ल्यात दुसरं नव्हतं. आणि असलंच तर ते भिंतीपलीकडं राहत होतं, कारण शर्त घेणारी तू होतीस.

आज तुला जाऊन पाचवा दिवस. मला बसवत नाही. सून म्हणते, "आई, एका जागी बसा हो, चक्कर येईल." मी बसते, उठते, खिडकीशी जाते, तिथं कशाला आले ते विसरते, परत येते, चष्मा शोधते, तो नाकावरच असतो. शेवटी म्हटलं, लिहावं. रडायला नव्हे, भांडायला. जिवंत होतीस तोवर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. आता मी बोलणार आणि तू ऐकणार. बघ कसं वाटतं ते.

तुमचं घर आणि आमचं घर. मधे एक भिंत आणि भिंतीत एक दिंडी, वाकून जावं लागेल एवढीच. पलीकडं तुमच्या दालनात हिमरू कापडाचा माग. तुझा थोरला भाऊ, अन्वरभाई, मागावर बसले की खटखट आमच्या चुलीपर्यंत यायची. आई त्या तालावर पोळ्या लाटायची आणि ताल थांबला की म्हणायची, "अन्वर जेवायला उठला वाटतं." वडील मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मास्तर. शिकवायचे उर्दूत, रागवायचे मराठीत. तुझी अम्मीजान रागवायची दोन्हींत.

दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट दिंडीतून तुमच्याकडं यायचं. ईदेला तुमच्याकडून आमच्याकडं, पण शिजवलेलं काही नाही. कोऱ्या शेवया, साखर, खारका, बेदाणे. सगळं सुकं. तुम्हांला आमच्या चुलीवरचं चालायचं, आम्हांला तुमच्या चुलीवरचं चालायचं नाही. हे कुणी ठरवलं होतं, देव जाणे. यात काही वावगं आहे असं मला तरी कधी दिसलं नाही. दिसायला सवड कुठं होती? मी देश स्वतंत्र करण्यात गुंतले होते!

म्हणजे, बाकीचा देश आधीच स्वतंत्र झाला होता. आपणच राहिलो होतो. निजामाचं राज्य वेगळं राहणार की हिंदुस्थानात जाणार, यावरून मोहल्ल्याचे दोन भाग झाले होते. माझा बापूकाका निजामाशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला. तुझ्या अन्वरभाईंनी निजामाच्या बाजूनं खाकी वर्दी चढवली आणि संध्याकाळी आमखास मैदानावर लाकडी बंदुका घेऊन कवायत करायला लागले. आणि मी? मी खादीचं पोलकं घातलं. ते असं चावायचं की त्या वर्षातली देशभक्ती मला आज नीट आठवत नाही, खाज आठवते. भाषणंही करायचे. न्हाणीघरात, तांब्यापुढं. तांब्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही, म्हणून मला वाटायचं माझे मुद्दे बिनतोड आहेत.

मग मी दिंडीतून तुमच्याकडं यायचे आणि तू उलट उत्तर द्यायचीस.

आठवतं? काकाचा निरोप आला होता. मी वाकून दिंडीतून आत आले आणि बारशाचं बोलावणं द्यावं तसं सांगितलं, "बिल्कीस, आमच्या काकानं नाका जाळला!"

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर केली नाहीस. "उसमें कौन था?"

"कशात?"

"नाक्यात गे. चौकीला कोणी असंल ना? मुन्शी, चपराशी?"

"असेल एखादा."

"मेला?"

"मला काय ठाऊक! लढाई आहे ती."

"हौ," तू म्हणालीस. "आमच्यावाल्यांनी गावात घरं जाळली, तवा तू इथं बसून रडली, जुल्म हाय म्हणून. जुल्मच हाय, मी बी म्हणते. पण तुमचं जळलं तर जुल्म आन् तुमी जाळलं तर लढाई? वा गे वच्छी. नाक्यावरचा चपराशी बी कुणाचा तरी भाई असंल."

मी मोठमोठ्यानं बोलायला लागले. तुमचं राज्य जुलमी, तुमचं राज्य बुडणार, असलं काहीतरी. तांब्यापुढचं सगळं.

पण तूही काही पीराची चेली नव्हतीस, बाई. खाकी वर्दीला तूच इस्त्री करायचीस, कोळशाच्या इस्त्रीनं, घड्या अशा की कुणाला कापतील. वर्दीचा कोपर फाटला तेव्हा खाकी कापड मिळालं नाही, तर तू हिमरूची चिंधी लावलीस, गुलाबी वेलबुट्टीची. मी हसून लोळले होते. "असा शिपाई सगळ्या राज्यात एकच," म्हटलं. आणि एकदा मी तुला विचारलं, "ट्रक भरभरून खेड्यात जातात, तिथं अन्वरभाई काय करतात गं?" तू म्हणालीस, "भाईजान सिर्फ ट्रक में बैठते."

"ट्रकात बसतात म्हणजे काय, हवा खायला जातात?"

तू दिंडीचं दार माझ्या तोंडावर आपटलंस. आठ दिवस अबोला. आपण दोघी सारख्याच. मला जोर आवाजाचा, तुला दाराचा.

तर शर्त. अबोला सुटल्यावरची दुपार. अन्वरभाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होते आणि आपण दोघी त्यांच्या डोक्यावर भांडत होतो. "दिल्लीची फौज येणार!" "नै आती!" "येणारच!" "नै आती बोलेतो नै आती!"

त्यांनी धोटा खाली ठेवला. म्हणाले, "या अल्ला, तुम दोनोंकी झिकझिक में मेरी बुट्टी चुकली. शर्त लावा आणि चूप बसा."

शर्त त्यांनीच बांधून दिली. फौज आली तर वच्छी शिरा करणार आणि बिल्कीस खाणार. फौज नाही आली तर बिल्कीस शीरखुर्मा करणार आणि वच्छी खाणार. "आमच्या चुलीवरचा," ते म्हणाले आणि मिशीत हसले. तू माझ्याकडं बघितलंस. तुला वाटलं मी कचरणार. मी म्हटलं, "कबूल!" सतराव्या वर्षी मी एका दुपारी धर्म पणाला लावून मोकळी झाले. आईला कळलं असतं तर फौजेच्या आधी आमच्याच घरात लढाई झाली असती.

"आणि एक," अन्वरभाईंनी बोट वर केलं. "जो हारी उसने पूरा खाना. शेवटचा बेदाणा पण सोडायचा नाही. मैं पूछूंगा."

फौज आली. पडेगावाकडून आधी धूळ दिसली, मग रणगाडे, मग माणसंच माणसं. कुणी हार टाकत होतं, कुणी दारं लावून घेत होतं. कोण हार टाकतंय आणि कोण दारं लावतंय हे बघायची अक्कल मला नव्हती. बापूकाका लष्करी लॉरीवर उभा राहून आला. मी घरात पळाले, आईकडून तूप मागितलं नाही, घेतलं. रवा भाजला, बेदाणे मोजले नाहीत, मूठच टाकली. आई मागं उभी राहून काहीतरी म्हणत होती. "दोन दिवस झाले, मागाचा आवाज नाही गं," म्हणत होती. मी ऐकलं, आणि ऐकलं नाही. माझ्या डोक्यात बँड वाजत होता.

पितळी ताटली घेऊन मी दिंडीतून आले. तू समोर उभी. "शर्त!" मी ओरडले. "शर्त, बिल्कीस! बस आणि खा!"

तू माझ्याकडं बघितलंस. ते बघणं मी इतक्या वर्षांत किती वेळा उलगडून पाहिलं. त्यात राग नव्हता. काय होतं ते आजही सांगता येत नाही. तू उंबऱ्यावर बसलीस आणि खायला लागलीस. घास, घास, घास. मी पहारेकऱ्यासारखी डोक्यावर उभी. शिरा संपला. ताटलीच्या कडेला तुपात एक बेदाणा चिकटला होता. तू तो नखानं खरवडलास आणि तोंडात टाकलास. ताटली विसळलीस, ओढणीनं पुसलीस. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, म्हणून तिच्यात मूठभर साखर टाकलीस. "हारी मैं," म्हणालीस आणि दार ओढून घेतलंस.

मी घरी येऊन आईला सांगितलं, "बघ, हरली तरी तोरा!"

आईनं माझ्या हातातली ताटली काढून घेतली. "अन्वर दोन दिवस घरी आलेला नाही," ती म्हणाली. "ट्रक गेला तो गेलाच. अम्मीजान मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्यात, उठत नाहीत. मी तुला तेच सांगत होते, भवाने."

मग तू खाल्लंस कसं? हा प्रश्न. घशाखाली घास उतरला कसा? मला शरमिंदं करायला खाल्लंस? की घाबरून, कारण आता आमचं राज्य आलं होतं आणि मी दारात उभी होते? ही दुसरी शंका आली की मी उठते आणि खिडकीशी जाते. आत्ताही जाऊन आले.

पण मी इथं त्या शिऱ्यासाठी बसलेले नाही. शिरा हा मूर्खपणा होता. मूर्खपणा माणूस सांगू शकतो, हसू शकतो. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडी वाजली. तू वाकून उभी होतीस, आत येत नव्हतीस. "वच्छी, तेरा काका त्याच रस्त्यानं आला ना? पूछ ना उसकू. कोपरावर ठिगळ हाय, हिमरूचं. तेरेकू मालूम."

काका जेवत होता. हार अजून खुंटीला होता. मी विचारलं. त्यानं वर बघितलंही नाही. म्हणाला, "पडेगावाच्या पुढं ओढ्याला पडलेत पाच-सहा खाकीतले. एकाच्या कोपराला रंगीत चिंधी होती खरी. तुला काय करायचंय? वाढ, आमटी वाढ."

मी आमटी वाढली. आधी आमटी वाढली, मग दिंडीशी आले. तू तशीच वाकलेली. मी म्हटलं, "काका म्हणतो, दिसला नाही."

एवढंच. हेच ते वाक्य. याच्या जागी दुसरं वाक्य बोलायचं होतं, ते आजतागायत बोलायचं राहिलंय.

का, म्हणून विचारशील तर माझ्याकडं एक चांगलं कारण आहे, मी ते वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलंय. त्या आठवड्यात रस्त्यावर काय चाललं होतं, खेड्यापाड्यांत तुमच्या लोकांचं काय झालं, ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा आम्ही माहीत नसल्यासारखं करत होतो. तू किंवा अम्मीजान पडेगावाकडं निघाला असतात तर परत आला नसतात. हे खरं आहे. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे नव्हतं. पहिल्यांदा मनात आला शिरा. काल मी तुझ्या डोक्यावर उभी राहून तुला कशाचं गोड खायला घातलं, ते आता मीच तुला सांगायचं. म्हटलं, आठ दिवसांनी सांगू, निवळलं की. आठ दिवसांत पावसानं ओढ्याला दोनदा पूर येऊन गेला. मग काय सांगणार, आणि काय दाखवणार?

आणि तू त्या वाक्यावर घर बांधलंस, बिल्कीस. "दिसला नाही म्हणजे असंल." कुणी कराचीहून आलं की तू विचारायला जायचीस. कुणी म्हणालं, हैदराबादेत असाच एक कारागीर बघितला, तर तू अम्मीजानला घेऊन रेल्वेत बसलीस. माग कुणाला विकू दिला नाहीस. "भाईजान आल्यावर काय करतील?" मी ऐकायचे, मान हलवायचे, चहा प्यायचे.

एक केलं मी. पुढच्या ईदेला सुकं सामान यायच्या आधी मीच दिंडीतून आले, तुमच्या चुलीपुढं बसले आणि शीरखुर्म्याची वाटी ओढून घेतली. अम्मीजान घाबरली, म्हणाली, "बेटी, तुम्हारी माँ मारेगी." तू म्हणालीस, "तू तर जिंकली होती. तू कायकू खाती?"

"भूक लागली," मी म्हटलं.

घरी आल्यावर आईनं मला डोक्यावरून अंघोळ घातली आणि वडील आतल्या खोलीत तोंडाला पंचा लावून हसत होते. ती माझी माफी होती, बिल्कीस. इतकी लपवून मागितली की तुला बहुतेक खादाडपणाच वाटला असेल.

मग माझं लग्न झालं, गुलमंडीला, म्हणजे पायी दहा मिनिटं. तू त्याच घरात राहिलीस, तुझा नवराच तिथं राहायला आला. आपण भांडत राहिलो. एवढ्या लढाया झाल्या, निवडणुका झाल्या, देवळं आणि मशिदी झाल्या, कर्फ्यू लागले. प्रत्येक वेळी मी माझ्या बाजूची, तू तुझ्या. मजा अशी की मधेच बाजू बदलायच्या. ज्या पक्षाला तू पाच वर्षं शिव्या दिल्यास त्यालाच पुढं मत देऊन आलीस, आणि मी ज्याला डोक्यावर घेतलं त्याचं नाव काढलं तर आता मला ठसका लागतो. "धर्म राजकारणात आणू नये," मी म्हणायचे. "मग घरी ठेवून येतात का त्याला, चपलीवानी दारात?" तू म्हणायचीस. काहीही म्हणालो, एक शब्द मात्र दोघींनी पुन्हा कधी उच्चारला नाही. शर्त.

मागच्या महिन्यात तू खाटेला लागलीस, तेव्हा मी ठरवून आले. आज सांगायचंच. रिक्षात दोनदा म्हणून बघितलं, रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. तुझ्या उशाशी बसले, तुझा हात हातात घेतला. हाताचं वजनच नव्हतं. "बिल्कीस," मी म्हटलं, "मला एक सांगायचंय."

तू डोळे किलकिले केलेस. "पहले ये बोल, कौन से शहर से आई?"

झालं. शहराचं नाव बदलल्यापासून तू मला हेच चिडवत होतीस. मी नवं नाव घेतलं, तू जुनं. मी म्हटलं, इतिहास बघ. तू म्हणालीस, कुणाचा? मी आवाज चढवला. तुला आवाज चढवता येईना, तर तू भिंतीकडं तोंड फिरवलंस. तीच ती, दार आपटणारी. नव्वदी ओलांडलेल्या दोन बाया, जन्म एका गावात काढलेल्या, आणि गावाचं नाव घेता येईना. शेवटी तूच हसलीस. "गाव बोल," म्हणालीस. "नुसतं गाव."

"गावातून आले," मी म्हटलं.

"क्या बोलने वाली थी?"

नसीम, तुझी सून, दारात औषध घेऊन उभी होती. मी म्हटलं, "काही नाही. नीट जेवत जा."

हे माझे शेवटचे शब्द तुझ्याशी. तांब्यापुढं भाषणं करणारी मी.

परवा तुझ्या तिसऱ्याला मी आले. दिंडी आता चिणून टाकलीय, मोठ्या दारानं यावं लागतं, पाहुण्यासारखं. बायका कुराण वाचत बसल्या होत्या. मला खाली बसता येत नाही, म्हणून नसीमनं मला दालनात नेऊन खुर्ची दिली, मागाजवळ. माग तसाच, वर चादर घातलेली. खड्ड्यात कुणी पडू नये म्हणून फळ्या टाकल्यात. मी ठरवलं, हिला सांगावं. तुला नाही तर तुझ्या माणसाला तरी. ओढा, चिंधी, आमटी, सगळं.

तेवढ्यात तिनं माझ्या हातात ताटली दिली. शिरा. तिचा काय दोष, तिसऱ्याला गोड करतातच. मी चमचा घेतला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, सांगायचं वाक्य घासाखाली दाबलं जात राहिलं. नसीम शेजारी स्टुलावर बसून होती, डोळे सुजलेले, माझ्याकडं बघत होती. मी ताटली खाली ठेवली आणि म्हटलं, "नसीम, तुझ्या सासूला मी एकदा..."

ती वाकली आणि ताटली उचलून परत माझ्या हातात दिली.

"खाला, बेदाणा राहिला. सोडू नका. अम्मी आमच्यापैकी कुणालाच सोडू द्यायच्या नाहीत, लेकराला बी नाही. म्हणायच्या, भाईजान आले की विचारतील."